साईड ड्रमच्या तारा

उमापूरच्या परमेश्वर ब्रास बँडमध्ये सतरा माणसं होती आणि नबीच्या मते त्यांतल्या सोळांना वाजवता येत नव्हतं. सतरावा तो स्वतः होता.

हे तो कुणाच्या पाठीमागे बोलत नसे. तोंडावर बोले. टेम्पोत चढताना, चहा पिताना, वरात ऐन रंगात आलेली असताना दोन गाण्यांच्या मधल्या फटीत. ट्रम्पेटवाले तिघं मिळून एक सूर काढतात आणि तोही धड नसतो. झांजवाल्याला दोन हात आहेत, एवढीच त्याची लायकी. क्लॅरनेटवाला गहिनीनाथ पूर्वी बरा होता, पण आता त्याचा दम संपला. गाणं आवरतं घ्यायची खूण म्हणून शेवटी जो उंच सूर काढायचा, तो दोन वर्षांपासून तो गिळूनच टाकतो. आणि खुळखुळा तर नबीच्या लेखी वाद्यच नव्हतं. ज्याच्या अंगाला बँडचा लाल कोट बसतो पण हाताला काही म्हणजे काही जमत नाही, अशाच्या हातात मालक खुळखुळा देतो, म्हणजे रांग भरल्यासारखी दिसते. खुळखुळेवाला समोर उभा असतानाच नबी म्हणायचा, "कोटाला खुंटी लागतेच की."

मोठा ढोल आसारामच्या छातीवर असे. आसाराम वर्षातले आठ महिने मेंढरांमागे चालायचा आणि लग्नसराईत ढोलामागे, आणि नबीला त्या दोन चालींत काही फरक दिसत नव्हता. मोठ्या ढोलाला अक्कल नाही, पोट लागतं, असं त्याचं मत. त्यातून गेल्या दोन वर्षांत आसारामला एक नवीच खोड लागली होती. ढोलवाल्यानं शेवटच्या रांगेत चालायचं असतं. हा पुढे येऊन नबीच्या उजव्या अंगाला चिकटायचा आणि गाणं संपत आलं की खांद्यानं धक्का द्यायचा. रस्ता ट्रक जाईल एवढा मोकळा असला तरी याचा धक्का ठरलेला. नबीनं शिव्या दिल्या, समजावलं, एकदा काडी उगारली. आसाराम मान हलवून "चुकून लागला" म्हणायचा आणि पुढच्या गाण्याला पुन्हा लागायचाच.

साईड ड्रम मात्र नबीचा. अडतीस वर्षं त्याचाच. पट्टा उजव्या खांद्यावरून, ड्रम डाव्या मांडीशी तिरका, हातात दोन काड्या. या ड्रमच्या खालच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या कातड्याला, बारीक स्प्रिंगच्या तारांची पट्टी असते आणि कुशीला एक खटका असतो. खटका वर केला की तारा पानाला चिकटतात आणि ड्रम कडकडतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. खटका खाली केला की तारा सुटतात आणि तोच ड्रम रिकाम्या डब्यासारखा ठप्प बोलतो. खटका मांडीकडच्या बाजूला असल्यानं चालताना दिसत नाही. अंगठ्यानं ढकलायचा आणि कानानं ओळखायचं. नबीच्या ड्रमचा खटका तर इतका झिजला होता की वर आहे का खाली, हे बोटालाही कळत नसे. नबीला त्याची गरज नव्हती. बँड सुरू व्हायचा तो त्याच्या ड्रमनं आणि थांबायचा तोही त्याच्याच दोन टोल्यांनी. एरवी तो बाजारात केळीचा गाडा लावायचा आणि केळी चाचपून बघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा त्याला तिटकारा होता. रांगेच्या पुढे चालणं सोडलं तर जीव लावावा असं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

तेच आता जायची पाळी आली होती. बँडचा मालक परमेश्वर बीडहून एक जुना ड्रमसेट घेऊन आला. नबीचा भाचा वासिफ गेवराईत मोटारसायकली दुरुस्त करायचा, त्यानं दोन चाकांचा गाडा वेल्डिंग करून दिला आणि तो सेट त्यावर चढवला. वाजवणाराही तोच. मोबाइलमध्ये बघून बघून शिकलेला.

नबीनं त्या गाड्याला एक फेरी मारली. मधोमध स्टूल. पायाशी आडवा निजवलेला मोठा ढोल आणि त्याला ठोकायला पायाखालचं पेडल, म्हणजे ढोलाला लाथ मारायची. मांडीशी एक साईड ड्रम, बिनपट्ट्याचा, लोखंडी तिकाटण्यावर ठेवलेला. समोर दोन छोटे ड्रम, बाजूला तीन पायांवर उभा एक मोठा, आणि डोक्याशी टांगलेल्या पितळी ताटल्या. चार माणसांचं काम एकटाच करतो, असं परमेश्वर कौतुकानं सांगत होता. नबी म्हणाला की चार माणसांचं काम एकटा करतो त्याला वादक म्हणत नाहीत, मजूर म्हणतात. आणि लाथ मारायला शिकायचं तर त्यासाठी मोबाइल कशाला, उमापुरात गाढवं कमी आहेत का? बसूनच वाजवायचं असेल तर माणसानं घरी वाजवावं, लोकांच्या लग्नाला कशाला यावं?

वासिफ सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. दहा वर्षांपूर्वी त्यानं मामाकडेच काडी धरायला शिकायला सुरुवात केली होती आणि तिसऱ्या दिवशी मामानं त्याला घालवून दिलं होतं. डावा हात वरवंटा धरल्यासारखा धरतोस, म्हणाला होता. तेव्हापासून त्यानं मामाला उलट उत्तर देणंच सोडून दिलं होतं.

परमेश्वरनं निकालाची तारीख ठरवून टाकली. चकलांब्याच्या लग्नात दोन्ही न्यायचं, नबीचा ड्रम पुढे आणि गाडा मागे. लोक कशावर माना डोलावतात ते बघायचं आणि पुढच्या सराईत रांगेपुढे कोण चालणार ते त्याच दिवशी ठरवायचं. नबीनं ते ऐकून घेतलं आणि थुंकला. ज्या माणसाला क्लॅरनेट कुठून फुंकतात ते माहीत नाही, तो आपला निकाल लावणार.

घरी बायकोनं, रहेमतबीनं, विचारलं की परमेश्वर काय म्हणाला. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जवळ येऊन विचारलं. नबी म्हणाला, तुझे पुढचे दात गेल्यापासून तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. तिचे दात जाऊन सात वर्षं झाली होती आणि पाच वर्षं तरी त्याला तिचं बोलणं नीट कळत होतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही. तशी त्या घरातली एकेक वस्तू हल्ली बिघडतच चालली होती. फोन वाजत नव्हता, नुसता थरथरत होता. कुकरची शिटी गेली होती, त्यामुळे नबीला लक्ष ठेवायला बसवून रहेमतबी नळावर गेली की भात करपायचा. नबी म्हणायचा, हल्ली माल कुठला चांगला येतो? आणि सगळ्यांत जास्त बिघडला होता तो त्याचा ड्रम. त्याची कडकड हळूहळू विझत गेली होती. वर्षात त्यानं तारांची पट्टी दोनदा बदलली. दोन्ही वेळा तेच. ड्रम मुका तो मुकाच. मग लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं नाइलाजानं तो वासिफच्या दुकानात टाकला, आणि वासिफनं तिसरी पट्टी घातली.

चकलांब्याचा मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा होता. सकाळी नऊला टेम्पो गावात पोचला. ऊन तेव्हाच टोचायला लागलं होतं. शाळेच्या भिंतीच्या सावलीत बँडवाल्यांनी लाल कोट चढवले आणि नबीनं पट्टा खांद्यावर घेऊन काडी मारून बघितली. ठप. खटका दुसऱ्या बाजूला ढकलला. ठप. स्क्रू आवळला, ढिला केला, पुन्हा आवळला, खटका इकडून तिकडे दहादा फिरवला. ठप आणि ठप. खटका आता वर आहे का खाली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, आणि त्याला त्याची पर्वा नव्हती. मेलेल्या तारा वर असल्या काय अन् खाली असल्या काय.

त्यानं सगळ्यांसमोर वासिफला बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याची लाज काढली. पोरानं मुद्दाम रद्दी तारा घातल्या. मामाचा ड्रम मेला की भाच्याचा गाडा पुढे येतो, हे न कळायला मी काय दूध पितो का, असं म्हणाला.

वासिफनं ड्रम हातात घेतला आणि बोटानं टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली.

"बोलतोय की, मामू."

"तुझ्या कानात ग्रीस गेलंय, बे." नबीनं ड्रम हिसकावून घेतला आणि खटका पुन्हा एकदा पलीकडे ढकलला.

यावर कुणी हसलं नाही. गहिनीनाथनं क्लॅरनेटचं तोंड रुमालानं पुसायला घेतलं. ट्रम्पेटवाले बूट बघू लागले. आसाराम ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता, त्यानं मान वर केली, काहीतरी बोलणार असं तोंड केलं आणि पुन्हा दोऱ्यांत घातलं. सगळे गप्प आहेत म्हणजे सगळ्यांना पटलं, असा नबीनं अर्थ लावला. परमेश्वरला तर पटलंच. अडतीस वर्षं वाजवणारा माणूस म्हणतो म्हणजे असेलच, असं तो म्हणाला. लग्न पार पडू दे, मग त्या गाड्याचं आणि पोराचं काय करायचं ते बघतो.

म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. नबीला बरं वाटलं. त्याला भाच्याची कीव आली नाही.

अकराच्या सुमारास नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला काढलं. त्याआधी नवरीचा चुलता येऊन परमेश्वरच्या कानाला लागला. मारुतीकडे जायला एकच गल्ली, आणि गल्लीत बजरंगचं घर. बजरंग जाऊन आज पाचवा दिवस. वरात तर न्यायलाच पाहिजे, पण घरात सुतक आहे, तेवढं सांभाळा.

हे ऐकून नबीला सकाळपासून पहिल्यांदा आनंदाची उकळी फुटली. उमापूरच्या बँडची त्यासाठी एक रीत होती, त्याच्या उस्तादापासून चालत आलेली. मयत झालेल्या घराच्या अलीकडे वीस पावलांवर गाणं तोडायचं. ट्रम्पेट, क्लॅरनेट खाली. मोठा ढोल बंद, झांज काखेत. फक्त साईड ड्रमवाल्यानं तारा पाडायच्या आणि त्या मुक्या ड्रमवर हळू पावलं मोजत पुढे जायचं, म्हणजे रांग मोडत नाही, घोडं बिथरत नाही आणि घरातल्या माणसांनाही कळतं की आपलं दुःख गावानं बघितलं. हे काम गाड्यावर बसून लाथा मारणाऱ्याचं नव्हे. त्यानं वासिफला तसं सुनावलंही. तुझ्या त्या गाड्यावरच्या दुकानाला असला खटका कुठाय, असं विचारलं. वासिफनं शांतपणे सांगितलं की सेटातल्या साईड ड्रमलाही असाच खटका असतो. नबी तोवर पुढे निघून गेला होता.

गल्ली इतकी अरुंद होती की ड्रमसेटचा गाडा तोंडाशीच ठेवावा लागला. वासिफ उतरून रांगेच्या मागून पायी चालू लागला. रस्ता दोन बैल जातील एवढा, दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं, दारात बघायला आलेली माणसं. नबीनं पुढे होऊन ड्रम वाजवायला घेतला आणि बँड दणक्यात निघाला.

बजरंगच्या घरापासून वीस पावलांवर, कडब्याच्या गंजीपाशी, आसारामचा खांदा लागला. नबीनं दात खाल्ले. पण तिथंच थांबायचं होतं हे त्यालाही आठवलं, आणि त्यानं दोन टोले देऊन बँड तोडला. वाद्यं खाली आली. गल्लीत घोड्याच्या टापा तेवढ्या उरल्या. नबीनं अंगठ्यानं खटका ढकलला, काडी हलकी धरली आणि पावलं मोजायला सुरुवात केली. ठप. ठप. ठप.

कसं स्वच्छ येत होतं. जड आणि अदबशीर. त्याला वाटलं, आज या गावाला कळेल की साईड ड्रम कशाला म्हणतात. माणसं ओट्यावरून वळून बघत होती. एका म्हाताऱ्यानं तोंडावर उपरण्याचं टोक धरलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. बघा, नबी मनात म्हणाला. हे बघायला मिळतंय कुठं आता? मागच्या सोळा ठोंब्यांना हे जन्मात जमायचं नाही. बजरंगच्या दाराशी आल्यावर त्यानं पाऊल आखडतं घेतलं आणि उस्तादानं शिकवलेली शेवटची गोष्ट केली. मेलेल्या माणसाला सलाम म्हणून दोन्ही काड्यांचा एक लांब, बारीक रोल. इतका बारीक की उंबऱ्याच्या आत फक्त घुमतो.

तेवढ्यात एक रुंद, राठ हात वरून आला आणि ड्रमच्या पानावर सपशेल पडला.

आसारामचा हात. अडतीस वर्षांत नबीच्या ड्रमला दुसऱ्याचा हात वाजत असताना लागला नव्हता. नबीच्या अंगाची लाही झाली. त्यानं काडी उचलली, आणि ती त्या हातावर हाणायच्या आधी त्याला दारात उभी असलेली बाई दिसली. साखराबाई, बजरंगची बायको. या दोघांच्या लग्नात नबी वाजवायला होता. मोकळं कपाळ, डोक्यावरून पदर. डोळे सुजलेले, पण त्यात पाणी नव्हतं.

ती काही तरी बोलली. नबीनं मान पुढे केली. ती उंबरा उतरून दोन पावलं पुढे आली आणि पुन्हा बोलली.

"वाजवा, नबीभाऊ. लग्नाचं घर हाय, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर आमच्या दारातच तारा चढवून कडकडा कावून वाजवलं, तेवढं सांगा."

"तारा पाडलेल्या हायत, बाई," नबी म्हणाला. त्याला तिचा राग आला नाही, कीव आली. दुःखात माणसाला भलतंच ऐकू येतं.

मग मागून वासिफ आला. त्यानं पट्ट्यासकट ड्रम धरून उलटा केला, खालचं पान मामाच्या डोळ्यांसमोर आणलं आणि बाजूला झाला.

तारा चढलेल्या होत्या. पानाला घट्ट चिकटलेल्या, नव्या, उन्हात चकाकणाऱ्या. नबीनं बोटानं पानावर टिचकी मारली. तारा थरथरल्या. चाळणीत बाजरी नाचावी तशा त्या नाचताना त्याला दिसल्या, आणि त्याच्या कानात पोचलं ते फक्त ठप. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा नाचल्या. वीस-पंचवीस तारा त्याच्या डोळ्यांदेखत कडकडत होत्या आणि त्यातलं काही, काहीसुद्धा, त्याच्यापर्यंत येत नव्हतं.

मग एकेक गोष्ट आपापली उलगडत गेली. कुकर. फोन. रहेमतबीचे दात. गहिनीनाथचा गिळलेला सूर. तारांच्या दोन पट्ट्या, ज्या चांगल्या असताना त्यानं उकिरड्यावर फेकल्या. पाच दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाच्या दारात त्यानं आत्ता नवरदेवाच्या वरातीचा रोल वाजवला होता, आणि वाजवताना तो स्वतःवर खूश होता. जगात ज्याचा सगळ्यांत जास्त तिटकारा यावा असा माणूस त्याला आयुष्यभर शोधूनही सापडला नव्हता, तो आता सापडला.

परमेश्वर धावत पुढे आला. लग्नघरचे लोक बघत होते, मुहूर्ताला तासच उरला होता, त्याला हे कसंही करून मिटवायचं होतं. त्यानं आधी साखराबाईपुढे हात जोडले आणि मग वासिफकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाला की तारा यानंच टाकलत्या, खटका बिघडवून ठेवलाय, नबीभाई सकाळपासून सांगत होते.

वाट तयार होती. नबीनं नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. सकाळचं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं होतं, वासिफ तोंड उघडणार नव्हता, आणि पुढची सराई, तिच्या पुढचीही, रांगेच्या पुढे चालायला मिळणार होतं. नबीनं परमेश्वरच्या तोंडाकडे बघितलं. हा माणूस कुणी सांगितल्याशिवाय आणखी दहा वर्षं काही ओळखणार नाही, हेही त्याला कळत होतं. या असल्या माणसाच्या बहिरेपणावर आपण जगायचं, या विचारानं त्याला शिसारी आली.

तो साखराबाईकडे वळला.

"खटका बरोबर हाय, बाई. पोरानं काम बी बरोबर केलंय. मला ऐकू येत न्हाई."

साखराबाई जवळ आली आणि त्याला कळेल असं, सावकाश, तोंड उघडून बोलली.

"आमच्या ह्यांना बी शेवटी येत नव्हतं. पर ते सांगत होते."

एवढं बोलून ती आत गेली. दार तिनं लावलं नाही.

नबीनं आसारामकडे तोंड फिरवलं. कधीपासून माहीत आहे, असं विचारलं. आसारामनं दोन बोटं वर केली आणि त्याच्या कानाशी वाकून सांगितलं की दोन वर्सं झाले, तू थांबायचं चुकाय लागलता, मग म्या पुढं आलो. नबीला तो प्रत्येक धक्का आठवला. प्रत्येक धक्क्याला दिलेली शिवीही आठवली.

"मंग सांगितलं कावून न्हाई, बे?"

"तुला कोन सांगनार?" आसाराम म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. विहिरीत पाणी नाही हे सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

नवरदेवाचा घोडा पाय आपटत होता. नबीनं पट्टा डोक्यावरून काढला आणि वासिफच्या खांद्यावर घातला. बकल त्याच्या मापाला दोन भोकं आत घेतलं. वासिफ "मामू" म्हणाला असावा, ओठ तसे हलले. नबीनं त्याच्या डाव्या हातात काडी दिली आणि बोटं स्वतःच्या हातानं नीट बसवली. परमेश्वर गोंधळून विचारत होता की मग तुमी कुठं चालनार. नबी सरळ मागच्या रांगेत गेला, खुळखुळेवाल्यासमोर हात पसरला आणि म्हणाला, "आन इकडं. कोटाला खुंटी लागतेच की."

खुळखुळेवाल्यानं दिला. तो बिचारा कधीचा उन्हात उभा होता, गाडा राखायला खुशीत गेला.

बजरंगच्या घरापासून पुढची वीस पावलं वासिफनं वाजवली, तारा पाडून. नंतर खटका वर केला. रांगेच्या डाव्या कडेनं चालणाऱ्या नबीला ते वासिफच्या अंगठ्यावरून कळलं, आणि मग दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरच्या माना एकदम उचलल्या गेल्या त्यावरून. बँड सुरू झाला. मोठा ढोल नबीच्या पोटात घुमत होता, ट्रम्पेटही येत होते, बेसुरेच. हातातला खुळखुळा तो ठेक्यावर हलवत होता. आतले दाणे तळहाताला इकडून तिकडे गेल्याचे जाणवत होते, आवाज कसलाच नव्हता. कुणी दाणे काढून घेतले असते तरी त्याला फरक कळला नसता.

डोळे शाबूत होते, तेव्हा तो वासिफचा डावा हात बघू लागला. चार घरं, पाच घरं तो बघत राहिला. मनगट मोकळं होतं. करंगळी जागेवर होती. काही तरी सापडेलच म्हणून मारुतीचा पार येईपर्यंत त्यानं त्या हातावरची नजर काढली नाही, आणि काही सापडलं नाही. त्याची त्याला चीड आली. दहा वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी याला घालवलं नसतं तर, असंही मनात आलं.

पारापाशी गहिनीनाथनं गाल फुगवले आणि क्लॅरनेट वर उचललं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. नबी त्या शिरांकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत तो सूर गहिनीनाथनं एकदाही गिळला नसणार. आजही तो काढत होता, आणि नबीचा हात हलतच होता.

आसारामही ढोल घेऊन मागच्या रांगेत आला होता, अजून नबीच्या उजव्या अंगालाच. त्याला तिथं चालायचं आता काही कारण उरलं नव्हतं. त्याचा खांदा लागला, आणि खुळखुळा सगळ्यांबरोबर थांबला.